चारुलताबाईंच्या हातचं जेवण

उंद्रीच्या बसस्टँडवर, रसवंतीच्या बाकड्यावर बसून लोकांनी एकमेकांच्या कानात सांगितलं ते असं: चारुलताबाईंनी पंजाबराव सरांना बुंदीतून धोतरा घातला. सिनेमातला नाही, खराखुरा. कॅमेरा चालू असताना, पन्नास माणसांच्या देखत, आपल्या हातानं वाढला. आणि सर ताटात पडल्यावर वरून त्यांनाच विचारलं, वाढू का अजून?

सांगणारा दर वेळी बिया वाढवत गेला. सकाळी चिमूटभर होत्या, दुपारपर्यंत मूठभर झाल्या, आणि बातमी चिखलीला पोचली तेव्हा तर बाईंनी घरामागे धोतऱ्याचा वाफाच लावला असल्याचं निघालं.

आता चारुलताबाई म्हणजे कोण, हे आधी सांगायला पाहिजे. ज्यांनी त्यांना कधी पाहिलं नाही त्यांनी विश्वास ठेवला तर समजू शकतं. पण रोज त्यांच्या हातून पोरांचे दाखले नेणाऱ्या माणसांनी ठेवला, हे विशेष.

वय चोपन्न. गावच्या हायस्कुलात कारकून. अंगकाठी बारीक, नाकावर जाड चष्मा, हाताशी शिक्क्याची डबी, आणि समोर खिडकी. त्या खिडकीतून तीस वर्षांत अर्ध्या गावाची जन्मतारीख दुरुस्त झालेली. माहेर सुलतानपूरचं. नवरा सुधाकर एसटीत कंडक्टर होता. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी लग्नाच्या पंगतीत माणसांना "पुढं सरका, मागं जागा हाये" म्हणतो. बाईंचा आवाज मात्र त्या शरीराला शोभेल असा नाही. हळू बोलल्या तरी शाळेच्या गेटवरचा शिपाई उठून उभा राहतो.

त्या आवाजाला नाटकात ओढलं ते शकूरभाई टेलरनं. शाळेचे गणवेश शकूरभाई शिवायचे, त्यामुळे ऑफिसात येणंजाणं होतं. मापं घ्यायच्या वहीत डाव्या पानावर छाती-कंबर आणि उजव्या पानावर नाटकाचे संवाद, असा या माणसाचा संसार. एक दिवस वही बाईंच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "बहेन, एवढं टाइप करून द्या. स्पर्धेत पाठवाचं हाये."

नाटकाचं नाव 'उलटी पत्रावळ'. एका बाईची मुलगी गावातल्या तीन वजनदार माणसांनी नासवून मारलेली. गावानं मिटवून टाकलेलं. मुलीच्या तेराव्याला तेच तिघं रीतीप्रमाणे जेवायला येतात, आणि आई आपल्या हातानं त्यांना वाढते. धोतऱ्याची बी घातलेली बुंदी वाढते. वाढता वाढता डोक्यावरचा पदर खाली घेते, आणि मुलीला काय काय केलं ते भर पंगतीत, एकही शब्द न गाळता, सांगते.

बाई टाइप करता करता थांबल्या.

"शकूरभाई, ही बाई एवढी काऊन रडते?"

"अरे माय हाये ती. रोयेगी नहीं तो क्या करेगी?"

"तिसऱ्या पानावर रडली, सातव्यावर रडली, आता शेवटाले बी रडून राह्यली. तेराव्या दिवशी डोळ्यात पाणी राह्यते का शिल्लक?"

शकूरभाईंनी कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली. म्हणाले, "मंग काय करते ती?"

बाईंनी कोरा कागद लावला. टाइप केलं. शेवटचा माणूस घशाला हात लावून पडतो, पाणी मागतो, आणि आई बुंदीचं भांडं घेऊन त्याच्या ताटाशी वाकते: "वाढू का अजून?" पडदा. हे वाक्य शकूरभाईंच्या वहीत नव्हतं. कुठून आलं, ते बाईंनी शकूरभाईंनाही सांगितलं नाही, फक्त सुधाकरला सांगितलं. बारा वर्षांच्या असताना मामाच्या गावी त्या अशाच एका मुलीच्या तेराव्याला पंगतीत पाणी वाढत फिरल्या होत्या. मिशीवाल्या एका माणसानं पेला पुढं करत म्हटलं होतं, "बुंदी चांगली झाली, अजून सांग." कोण होता तो, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. आणि घरातल्या सगळ्यांनी त्याला अजून वाढली होती.

आईचं काम करायला कोणी बाई तयार होईना, म्हणून ते बाईंनीच केलं. पहिल्या प्रयोगाला पुढच्या दोन रांगा उठून गेल्या. मागच्या बाया खुर्च्यांवर उभ्या राहिल्या. परीक्षकांनी तिसरा नंबर दिला आणि शेरा मारला: शेवट सौम्य असता तर बरं झालं असतं. तिथून पुढं जो तो तेच सांगू लागला. सरपंच म्हणाले, सौम्य करा. सासूबाई म्हणाल्या, निदान पदर तरी घे. बाईंनी सदतीस प्रयोग केले आणि एकदाही काही सौम्य केलं नाही.

आता पंजाबराव. हे त्याच शाळेचे मुख्याध्यापक, आता निवृत्त. तालमीसाठी बाई अर्धा तास लवकर जातात म्हणून त्यांनी एकदा बाईंना मेमो दिला होता. बाईंनी तो घेतला, स्वतःच आवक नोंदवहीत चढवला, स्वतःच फाइलला लावला, आणि सगळ्या स्टाफसमोर म्हणाल्या, "सर, एक दिवस तुम्हाले माह्या हातानं जेवू घालीन." स्टाफ हसला. सर हसले नाहीत. पण तिसऱ्या दुष्टाचं काम करणारा नट बदली होऊन गेला आणि गावात कोणी दुष्ट मिळेना, तेव्हा संध्याकाळी तालमीच्या दारात पंजाबराव येऊन उभे राहिले. म्हणाले, "मले सगळे तसंही घाबरतातच." घेतलं त्यांना. नट म्हणून सामान्य. मरताना नेहमी उजवा हात वर करून उजवीकडेच पडायचे, एसटीला हात दाखवल्यासारखे. पण दोघांमधला तो मेमो काही फाइलमधून निघाला नाही. सदतीस प्रयोग झाले, तरी ते 'बाई' म्हणायचे आणि त्या 'सर', आणि मध्ये ताट.

सिनेमा आणला गंधारनं. चिखलीचा मुलगा, पुण्यात सिनेमा शिकलेला. कॉलेजात असताना हे नाटक बघून तीन दिवस बुंदी खाऊ शकला नव्हता. त्यानं ठरवलं की पहिला सिनेमा हाच, आणि आईच्या कामाला चारुलताकाकूच. पैसा घालायला चिखलीचे सोयाबीनचे व्यापारी भाऊराव तयार झाले. माणूस दिलदार, फक्त एक अट.

"बाई, सारं तुमच्या मनासारखं," ते शाळेच्या ऑफिसात येऊन म्हणाले. "विष राहू द्या. पदर पाडून बोलता ते बी राहू द्या. फक्त शेवटाले रडा."

"कोणासाठी?"

"तीन माणसं मेले ना तुमच्या हातून! थोडा पश्चात्ताप नको?"

"त्याइले झाला होता का?"

भाऊरावांनी रुमालानं मान पुसली. "हे पाहा, माणसाले टॉकीजमधून घरी जाताना मोकळं वाटलं पाहिजे."

"अन् मले?"

यावर भाऊरावांनी करारपत्र पुढं केलं. त्यात लिहिलं होतं की नटीनं निर्माता सांगेल तसा शेवट करायचा. बाईंनी ते दोनदा वाचलं. सिनेमा झाला नाही तर उंद्री-चिखलीच्या पलीकडे हे नाटक कोणी बघणार नाही. झाला तर लाख माणसं बघतील, पण रडकं. चार दिवस बाईंनी जेवणात मीठ घालायचं विसरून सुधाकरला छळलं. पाचव्या दिवशी सही केली. आणि तीस वर्षं खिडकीतून लोकांना "सही केली म्हंजे केली" सांगणारी बाई स्वतःची सही मोडणार नव्हती.

"काकू, तुम्ही खरंच रडणार?" गंधारनं विचारलं.

"प्रयत्न करते बा."

शूटिंग मे महिन्यात, सुट्ट्या लागल्यावर, शाळेच्याच मैदानावर. मंडपवाल्या पुंजाजींनी मंडप घातला, आणि घालतानाच बजावलं की शुक्रवारी हा मंडप हिवरा आश्रम गावी लग्नाला जाणार, मग तुमचा सिनेमा संपो की राहो. शेवटचा प्रसंग मंगळवारी. भाऊराव स्वतः खुर्ची टाकून कॅमेऱ्याशेजारी बसले. शकूरभाई सगळ्यांच्या कपड्यांच्या गुंड्या तपासत फिरत होते.

इथं एक चूक झाली, आणि ती नाटकवाल्यांकडूनच होऊ शकते. रंगमंचावर पत्रावळी रिकाम्या असायच्या. घास घेतल्याचं नाटक, गिळल्याचं नाटक, मेल्याचं नाटक. सिनेमाला तसं चालत नाही, म्हणून गंधारनं आचारी बोलावला आणि खरी पुरी, खरं वरण, खरी बुंदी करवली. पण त्यानं हे लक्षात घेतलं नाही की तिसऱ्या पाटावर जो बसलाय तो माणूस बावीस वर्षं शाळेच्या खिचडीच्या वेळी पोरांच्या ताटल्या तपासत फिरलेला आहे. ज्यानं टाकलं त्याला उठू द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. घरीही तोच.

पहिला टेक झाला. बाकीचे दोघं मेले, पंजाबराव मेले, बाई खाली बसल्या आणि रडायला लागल्या. म्हणजे तसं ठरलं होतं. प्रत्यक्षात चेहरा असा झाला की आता शिंक येणार.

"कट! परत घेऊ. सरांना नवीन ताट द्या."

पंजाबराव उठून बसले होते आणि जुनं ताट संपवत होते.

"सर, राहू द्या ते," गंधार म्हणाला. "दोन घास पुरे आहेत. बाकीचं टाकून देऊ."

"टाकून देऊ?" सरांनी वर बघितलं. "काऊन बे? शिजवलेलं अन्न हाये ते."

"पण सर, अजून बरेच टेक होतील."

"मंग नीट काम करा, म्हंजे कमी होतील," असं म्हणत त्यांनी शेवटची पुरी वरणात फिरवली.

दुसऱ्या टेकला बाईंच्या डोळ्यांत ग्लिसरीन घातलं. पाणी आलं, पण डोळे आल्यासारखं आलं. तिसऱ्याला भाऊराव म्हणाले, मेलेलं कोणी जवळचं आठवा. बाईंनी आई आठवली. पण आई मरता मरतासुद्धा सुनेला शिव्या देत होती, ते आठवून त्यांना हसूच आलं. पाचव्याला शकूरभाई हळूच म्हणाले, "बहेन, कांदा आणू का?" सातव्याला आणला. नवव्याला बाई खरोखर रडायच्या बेताला आल्या होत्या, पण ते रडणं उन्हाचं होतं, आणि कॅमेऱ्यात ते उन्हाचंच दिसलं.

"बाई, जमवा आता," भाऊराव काकुळतीला आले.

"जमवूनच राह्यली जी! माह्या हातात असतं तर कधीच रडली असती."

आणि दर टेकनंतर पंजाबराव निमूटपणे ताट साफ करत होते. पाचव्या ताटानंतर त्यांनी धोतराची गाठ सैल केली. आठव्यानंतर बोलणं बंद केलं. दहाव्यानंतर आचाऱ्याकडे असं बघितलं की तो बिचारा कढईमागे जाऊन उभा राहिला. अकरावं ताट त्यांनी डोळे मिटून संपवलं.

बाराव्या टेकला बाई बुंदी वाढायला वाकल्या. पंजाबरावांनी घास उचलला आणि तो तोंडापर्यंत गेलाच नाही. हात वर झाला नाही, उजवीकडे वळले नाहीत. बसल्या जागी अलगद खचले आणि कपाळ ताटाच्या कडेला टेकलं.

बाईंच्या मनात आलं, अरे वा! एवढ्या वर्षांनी सर नीट पडले.

आणि समोर नीट मेलेला माणूस बघून, सदतीस प्रयोगांची सवय असलेल्या त्या बाईच्या तोंडून, करारपत्र, ग्लिसरीन, कांदा सगळं विसरून, कोरड्या डोळ्यांनी आणि अगदी हळू आवाजात ते वाक्य निघून गेलं.

"वाढू का अजून?"

कोणी 'कट' म्हटलं नाही. भाऊराव खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले. मग शकूरभाई ओरडले, "अरे, ये तो सच्ची में गिरे!" आणि पळापळ झाली.

भाऊरावांच्याच गाडीतून सरांना चिखलीच्या दवाखान्यात नेलं. बाई दाराबाहेरच्या बाकावर बसल्या, हातात अजून बुंदीचा झारा. तो खाली ठेवायचंही सुचलं नव्हतं. येणारी-जाणारी माणसं आधी झाऱ्याकडे बघायची, मग बाईंकडे, मग लांबून जायची. अफवेला तिथंच पाय फुटले. एका बाईनं तर विचारलंच, "तुम्हीच वाढली होती का?"

"हाव," बाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? मेमो आणि स्टाफसमोरचं बोलणं त्यांना आता आठवलं.

तासाभरानं आत बोलावलं. सर पलंगावर, हाताला सलाईन. सुधाकर दाराशी उभा राहून "एकेक जण, एकेक जण" करत होता.

"सर, चुकलं माहं. मले समजायला पाहिजे होतं."

"काय समजायला पाहिजे होतं?"

"का तुम्ही एवढं चांगलं पडूच शकत नाही."

सरांनी सलाईनचा हात नीट ठेवला. मग म्हणाले, "ते वाक्य म्हटलं तुम्ही."

"तोंडातून निघून गेलं. आता उद्या परत घेऊ म्हणतात भाऊराव. रडण्याचं."

"तुम्हाले रडता येईल?"

"अकरा वेळा पाह्यलं सर. येत नाही. पण सही केली हाये."

सरांनी डोळे मिटले. बाईंना वाटलं झोप लागली, म्हणून त्या उठल्या. मागून आवाज आला, "बाई, त्या मेमोमध्ये वेळ चुकली होती. अर्धा तास नाही, वीसच मिनिटं." एवढंच.

बुधवारी सकाळी भाऊराव दवाखान्यात आले तेव्हा पंजाबराव पोट धरून कण्हत होते. डॉक्टर म्हणत होते, तपासण्यात काही सापडत नाही. सर म्हणत होते, "पोट माहं हाये का तुमचं?" गुरुवारी घरी आणलं, तरी तेच. गंधारनं विचारलं, "सर, एकच टेक, बसायचं फक्त," तर सरांनी बुंदीचं नाव निघताच तोंडावर पांघरूण घेतलं. शुक्रवारी पुंजाजींनी बांबू उपटले आणि मंडप हिवरा आश्रमाला गेला.

म्हणजे शेवट म्हणून हाताशी उरला तो एकच. भाऊरावांनी तो दुकानात बसून लॅपटॉपवर तीनदा बघितला. करारपत्र काढून पुन्हा वाचलं. चौथ्यांदा लावला तेव्हा त्यांच्या मागे उभं राहून त्यांच्या मुलीनं, पायलनंही तो बघितला. बघून झाल्यावर ती वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली, जास्त वेळ. भाऊरावांनी गंधारला फोन लावला. म्हणाले, "तसंच राहू दे. नाहीतरी गाव म्हणून राह्यलं का बाईनं खरंच विष घातलं. पाह्यला तरी येतील!"

आले. चिखलीच्या पहिल्या खेळाला निम्मी माणसं सर खरंच मरतात का ते बघायला आली होती. पंजाबराव स्वतः तिसऱ्या रांगेत बसलेले बघून त्यांची जरा निराशाच झाली. पण मग सिनेमा सुरू झाला, आणि बाईंनी पदर खाली घेऊन बोलायला सुरुवात केली तेव्हा चिवड्याच्या पुड्यांचा आवाज बंद झाला. शेवटी त्या बुंदीचं भांडं घेऊन वाकल्या. "वाढू का अजून?" मग मागच्या रांगेतून कोणी म्हातारी ओरडली, "वाढ माय, वाढ!" आणि टॉकीजमधल्या सगळ्या बाया उभ्या राहिल्या. या वेळी पुढच्या रांगांमधून कोणी उठून गेलं नाही.

सिनेमा पुढं कुठं कुठं गेला, पुण्यात लोकांना ती भाषा खेडवळ वाटली की नाही, हे गंधारला विचारा. तो न विचारताही सांगतो. चारुलताबाई शाळेत परत आल्या. एका दुपारी खिडकीशी एक बाई आली, सोबत पंधरा-सोळा वर्षांची मुलगी. मुलगी जमिनीकडे बघत होती. बाईंनी सवयीनं विचारलं, "दाखला पाहिजे का?"

"नाही," ती बाई म्हणाली. "अर्ज लिहून पाहिजे. ठाण्यात द्यायचा हाये. घरचे म्हणतात मिटवून टाक. तुमचा सिनेमा पाह्यला मी. मले मिटवायचं नाही."

बाईंनी शिक्क्याची डबी बाजूला सारली, खिडकी बंद करून दोघींना आत घेतलं, आणि मुलीसमोर खुर्ची ओढून कोरा कागद घेतला. "सांग पोरी. जसं झालं तसं. मी एकही शब्द गाळणार नाही." अर्ज चार पानी झाला. तो घेऊन ठाण्यात जाताना दोघींसोबत चारुलताबाईही गेल्या, शाळा सुटायच्या अर्धा तास आधी. मेमो कोणी दिला नाही. अर्ज दाखल झाला, आणि माणूस आता आत आहे.

धोतऱ्याची गोष्ट मात्र उंद्रीत अजून चालते. लग्नात चारुलताबाई वाढायला उभ्या राहिल्या की कोणीतरी पुरुष हटकून म्हणतो, "बाई, मले बुंदी नको." बाया हसतात. बाई वाढतात.

खरं एवढंच आहे. बुंदीत धोतरा नव्हता. पंजाबरावांनी अकरा ताटं संपवली होती आणि त्यात त्यांना उन्हाची भोवळ आली. सलाईनची पहिली बाटली संपली तेव्हा ते बरे झाले होते. पुढचे तीन दिवस त्यांचं पोट दुखत नव्हतं.